शेवटची झडती

कोर्टाने आईला प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, ठेवलं होतं, म्हणून तिच्यावर नेमलेले अधिकारी हॅस्किन्स साहेब वॉरंटशिवाय केव्हाही येऊन आमच्या फ्रेझ्नोच्या घराची झडती घ्यायचे. आज त्यांनी टॉर्टियाचा, म्हणजे मक्याच्या पोळ्यांचा, डबासुद्धा उपसला आणि मग माझ्या दाराशी आले.

"ही खोली कुणाची?"

"माझी एकटीची. आई इथे पाऊल टाकत नाही, म्हणून तुम्हालाही टाकता येणार नाही. झडती फक्त तिच्या वावरातल्या जागेची, कायदाच आहे तसा!"

"कधीच नाही टाकत?"

"मला ताप आला तरी औषध उंबऱ्यावरून देते. दोन वर्षं झाली."

ते हसले. "मारिसेला, ही तुमची पोरगी वकील होऊन माझी नोकरी खाणार!" मग कागदावर सही करत म्हणाले, "संपलं तुमचं प्रोबेशन. आता माझं तोंड बघायला नको."

त्यांची गाडी वळली तशी मी उड्याच मारल्या. आई मात्र माझ्या दाराबाहेरच उभी.

"ये ना गं आत!"

ती आली. आधी पलंगाखाली वाकून पाहिलं, मग कपाट उघडलं. "इत्सेल! काय हा उकिरडा!"

वॉरंट तिच्याकडेही नव्हतं. मी तिला खालचा खणसुद्धा उघडून दिला.