विसावा राजीनामा

“राजेसाहेबांनी तुला एक शब्द शोधायला सांगितलाय म्हणे,” मंत्री शिम ग्योम म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने नोंदकाराच्या पेल्यात आल्याचा चहा ओतला. “माझ्यासारख्या माणसांसाठी.”

ग्वोन इक्सूने पेला दोन्ही हातांत धरला, पण ओठाला लावला नाही. “तुमचं नाव कुणीच घेतलं नाही, साहेब.”

“घ्यायचं कशाला? मी कोण? एक अडाणी म्हातारा.”

शब्दाची गोष्ट खरी होती. तीन दिवसांपूर्वी तरुण राजाने ग्वोनला विचारलं होतं, नम्रपणाचं सोंग घेऊन वर चढणाऱ्यांना दरबारी नोंदीत काय म्हणायचं? एकच शब्द हवा होता आणि त्याची मुदत आज दुपारी संपत होती.

ग्वोनने डोक्याचा भुगा करून घेतला होता. ‘ढोंगी’ थिटा पडत होता. ढोंग्याला आपलं ढोंग निदान ठाऊक असतं. शिमसाहेबांना आपण खरोखरच नम्र आहोत असं वाटायचं.

आजवर त्यांनी एकोणीस वेळा राजीनामा दिला होता. मजकूर ठरलेला असे: मी नालायक आहे, माझा अपराध अक्षम्य आहे, मला मृत्युदंड द्यावा. राजधानी हान्यांगच्या दरबारात सगळेच तसं लिहीत आणि राजा ते फेटाळी. रीतच होती ती. फरक इतकाच, की दर नकारानंतर शिमसाहेब एक पायरी वर जात आणि ज्याच्यामुळे ते ‘दुखावले’ तो देशोधडीला लागे. आधीचा नोंदकार एका बेटावर हद्दपार झाला. वर्षभराने त्याची फक्त टोपी घरी आली.

“शब्द अजून सापडला नाही, साहेब.”

“नाहीच सापडला तर बरं,” शिम मायेने म्हणाले. “तुझी मुलगी लहान आहे अजून. चहा घे ना, गार होतोय.”

दुपारी दरबारात शिमसाहेब थंडगार फरशीवर पालथे पडले. विसावा राजीनामा त्यांनी स्वतःच वाचला. “एका नोंदकाराला माझ्यासाठी वाईट शब्द शोधावा लागतो, हा दोष माझाच. मी नालायक आहे. महाराज, मला मृत्युदंड द्यावा.”

बाकीचे मंत्री ठरल्याप्रमाणे एका सुरात म्हणाले, “महाराजांनी विनंती फेटाळावी.”

ग्वोनने कुंचला शाईत बुडवला. आता राजा नाही म्हणणार आणि बेटाची वाट आपल्याला धरावी लागणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

“ग्वोन,” राजा म्हणाला, “शब्द सापडला?”

ग्वोनच्या डोळ्यांपुढे मुलगी आली. “नाही, महाराज.” स्वतःच्या भित्रेपणाची त्याला किळस वाटली.

“मला सापडला. लिहून घे. ‘सत्यवचनी’.”

दरबारात खसखस पिकली. ग्वोनने मान खाली घालून शब्द लिहिला. फरशीला कपाळ टेकलेले शिमसाहेब समाधानाने पुटपुटले, “महाराज, माझी एवढी योग्यता नाही.”

“आहे तर. एकोणीस वेळा तुम्ही तेच सांगत आलात आणि एकोणीस वेळा दरबाराने तुम्हाला खोटं पाडलं. चूक आमची झाली.” राजाने शिक्का उचलला. “विनंती मंजूर.”