गच्चीवरचं खुराडं

"इथेच ठोक. बरोब्बर म्हाताऱ्याच्या डोक्यावर," उमाजीने सुताराला सांगितलं.

गच्चीच्या त्या कोपऱ्याखाली नामदेवरावांची खोली होती. कबुतरांचं घुमणं, पंखांची फडफड, नखांची खरखर सगळं थेट बापाच्या खाटेवर उतरणार होतं, आणि ते तसं उतरावं हीच उमाजीची इच्छा होती.

जयवंता, त्याची बायको, जिन्याच्या दारात उभी राहून बघत होती.

"एकसष्टाव्या वर्षी कबुतरं पाळायची. अख्खं नारायणगुडा हसेल."

"हसू दे."

"आणि खाली मामंजी आजारी असताना?"

"माझी कबुतरं हिसकावली तेव्हा मी कुठे धडधाकट होतो?"

ते खरंच होतं. उमाजी बारा वर्षांचा असताना त्याला असा ताप भरला की दोन्ही पाय लुळे पडले. कित्येक आठवडे तो खाटेवर होता. बरा झाल्यावर भिंतीला धरून पहिल्यांदा जिना चढला, तर खुराड्याचं दार सताड उघडं आणि आत एक पीस नाही. संध्याकाळी वडील सिकंदराबादच्या रेल्वे हापिसातून आले. टोपी खुंटीला अडकवता अडकवता म्हणाले, "विकली. आता अभ्यासाला लाग."

एवढंच. पोरगं अंथरुणाला खिळलेलं बघून डाव साधणारा बाप. त्या दिवसापासून उमाजी त्यांच्याशी कामापुरतंच बोलला. पुढे शिक्षण झालं, कोर्टात नोकरी लागली, लग्न झालं, आणि वर आभाळाकडे बघायची सवयच गेली. कबुतरांच्या जातींची नावंसुद्धा तो विसरला.

निवृत्त झाल्यावर एकदा अफझलगंजात गेला असताना एका माडीवरून कबुतरांचा थवा उठला. त्यातलं एक पांढरं गिरेबाज कोलांट्या खात खाली येऊ लागलं. उमाजीची दोन बोटं जिभेखाली कधी गेली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. अशी खणखणीत शीळ वाजली की रिक्षावाले वळून बघायला लागले. तो भर रस्त्यात पोरासारखा हसला. आणि हसता हसताच त्याचं डोकं तापलं. हे सुख आपलं होतं. ते बापाने मध्येच काढून घेतलं, आणि आपण मुकाट्याने इतकी वर्षं फायली उचलत बसलो.

दुसऱ्याच दिवशी तो बबलू कबुतरवाल्याकडे गेला. बबलूने चार जोड्या पिंजऱ्यात भरून दिल्या आणि बजावलं, "अब्बीच छोडना नक्को साब. बिके सो कबूतर बी पुराने घरकूच आते."

उमाजीला ते ठाऊक होतं. लहानपणी तो रोज गच्चीवर बसून वाट बघायचा. एकही परतलं नाही. म्हणजे बापाने पंख छाटून विकली असणार. हा विचार त्याने आजवर हजारदा केला होता आणि दर वेळी त्याच्या मुठी वळल्या होत्या.

कबुतरं घरी आली त्या संध्याकाळी जयवंता पुन्हा वर आली.

"वरचा आवाज ऐकून मामंजींच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय."

"चरफडत असतील."

"मला तसं वाटलं नाही. बसा ना जरा त्यांच्याजवळ. दिवाळीपासून लकव्याने पडलेत, वाचा गेली, पण ऐकू येतं सगळं. सारखे दाराकडे बघतात. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत. नंतर पस्तावाल."

"मी कशाला पस्तावू? पस्तावायचं त्यांनी. मरेपर्यंत मी त्यांना माफ करणार नाही, आणि मेल्यावर तर नाहीच." त्याने ज्वारी खसकन फरशीवर फेकली. कबुतरं दचकून मागे सरली.

दोन दिवसांनी जिन्यात धापा ऐकू आल्या. सुशीलाबाई, उमाजीची आई, कठड्याला धरत वर येत होती. गेली कैक वर्षं तिने गच्ची पाहिली नव्हती. ती वर आली, टाकीच्या ओट्यावर टेकली आणि खुराड्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"उमा, एक कबूतर दे मला."

"कशाला?"

"त्यांना रस्सा करून घालते. लकव्याला लागू पडतो. डॉक्टरांनी तर हात टेकले."

उमाजीचं डोकं सणकलं. "त्या माणसाला? एक पीससुद्धा मिळणार नाही. माझी सगळी विकताना दया आली होती त्यांना?"

"विकली असती तर परत आली नसती का रे?"

"पंख छाटले असतील. त्यांना काय अवघड होतं?"

सुशीलाबाईने पदराने तोंड पुसलं. "त्यांनी शपथ घातली होती मला. म्हणाले, पोरगं जन्मभर माझ्यावर चिडलं तरी चालेल, पण त्याला स्वतःची शिसारी यायला नको. आता त्यांची वाचा गेली. माझंही काय खरं आहे? तू असा वैऱ्यासारखा वर बसलेला मला बघवत नाही बाबा."

"कसली शपथ?"

"तुझे पाय गेले तेव्हा हकीमसाब म्हणाले, कबूतर खायला घाला. बाजारचं नक्को, घरच्या दाण्यावर वाढलेलं हवं. रोज रडत वर जायचे तुझे वडील, अन् एकेक घेऊन खाली यायचे. मी शिजवायची. कोंबडी आहे म्हणून तुला सांगायचो, अन् तू वाटी चाटूनपुसून आणखी मागायचास."