रिट्रॅक्टरचं रेकॉर्डिंग

"मावशी, हे तुम्ही म्हटलंय की दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घेतलंय?"

इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमनी टॅबलेट सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. समोर ऑपरेशन थिएटरच्या नऊ आया बसल्या होत्या. नवे सर्जन इंग्रजीशिवाय बोलत नव्हते, म्हणून शस्त्रक्रियेच्या हत्यारांची इंग्रजी नावं घरी टॅबलेटवर म्हणायची. चाळीस शब्द. टॅबलेटनं हिरवा दिवा दिला आणि मॅडमनी सही केली की पास. जिला जमणार नाही तिची बदली कपडे धुण्याच्या विभागात.

जिला विचारलं ती मावशी मॅडमची सख्खी सासू होती. वर्गात मात्र दोघीही ते दाखवत नसत.

"मीच म्हटलंय," सासू म्हणाली.

"चाळीसच्या चाळीस हिरवे? एवढी जीभ कधीपासून वळायला लागली?"

दोघीतिघी फिस्सकन हसल्या. सासूच्या अंगाचा तिळपापड झाला. सोळा वर्षं तिनं ही हत्यारं उकळली होती, पुसली होती, ओळीनं मांडली होती. त्या खोलीत तिच्या शब्दाला किंमत होती. घरी नव्हती.

"विचारा आत्ता. तोंडावर सांगते."

"कशाला? तुमचा प्रत्येक आवाज यात साठलेला आहे. ऐकवते सगळ्यांना, म्हणजे एकदाचा सोक्षमोक्ष लागेल."

"रिट्रॅक्टरचं नको," सासू घाईनं म्हणाली. "दुसरं कुठलंही लावा."

सुनेला हसू लपवता येईना. चोर आपल्या पायानं चालत आला होता. तिनं नेमकं रिट्रॅक्टरचंच रेकॉर्डिंग लावलं आणि आवाज पूर्ण वाढवला.

"रिट्रॅक्टर." सासूचाच आवाज. मग खाकरणं. "रिट्रॅक्टर." सावकाश आणि स्पष्ट.

म्हणून झालं की बटण बंद करायचं असतं. सासू ते हमखास विसरायची आणि टॅबलेट आपला ऐकत बसायचा. पलीकडच्या खोलीतून दुसरा आवाज आला. लांबून आला तरी तो मॅडमचा, हे वर्गातल्या प्रत्येकीनं ओळखलं.

"अरे, नापास करणं माझ्याच हातात आहे. धुलाईत गेली की तुझी आई दुपारी तीनला घरी येईल. मग आपल्या पोरीला सांभाळायला दुसरं कुणी शोधायला नको."

"तिला कळलं तर?" हा मुलाचा आवाज.

"तिला काय कळतंय."

बंद करायला गेलेलं सुनेचं बोट भलतीकडेच पडलं आणि "तिला काय कळतंय" वर्गानं दुसऱ्यांदा ऐकलं.

आता कुणी हसलं नाही. सून खाली मान घालून टॅबलेटशी झटत राहिली. सासूला जिंकल्यासारखं वाटलं नाही. पोटचा मुलगा त्यात होता, आणि तो एकदाही 'नको' म्हणाला नव्हता. त्याचाच तिला जास्त राग आला होता.

ती उठली. शिकवायला ठेवलेल्या ट्रेमधला, जखम फाकवून धरायचा रिट्रॅक्टर उचलून, सर्जनला देतात तसा मूठ पुढे करून सुनेसमोर धरला.

"पास की नापास, ते इथंच सांगा, मॅडम. घरच्या भिंती पातळ आहेत."