अकरावं नाव

"पुरावा आहे?" पुरावेसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"बाबांचा शब्द आहे," समोरची बाई म्हणाली.

"शब्द वहीत चिकटवता येत नाही, ताई."

या प्रश्नावरूनच खेळाडूंनी त्यांना ते नाव ठेवलं होतं. क्लबचं दप्तर ते तीस वर्षं सांभाळत होते. प्रेक्षकांच्या जिन्याखालची ती खोली एवढीशी, की दोघं आत आली तर तिसऱ्याने दारातच उभं राहायचं. शुक्रवारी क्लबच्या शंभर वर्षांच्या इतिहासाचं पुस्तक छापायला जायचं होतं आणि आज मंगळवार. त्यात ही बाई. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, दुपारच्या सुट्टीत धापा टाकत आली होती.

"बाबा फार थकलेत हो," ती म्हणाली. "इतकी वर्षं चकार शब्द नाही काढला. आता एकच धोशा लावलाय. त्या क्लबच्या वहीत माझा गोल आहे का, बघून ये. माझं नाव आहे का, बघून ये."

"कोणता सामना?"

"तुमचा क्लब खालच्या श्रेणीत घसरणार होता, तो शेवटचा."

पुरावेसाहेब जरा सरळ बसले. तो सामना क्लबात सगळ्यांना तोंडपाठ होता. एक गोल झाला आणि क्लब वाचला, नाहीतर आज ना मैदान असतं, ना ही खोली. पण तो गोल कुणाचा, हे मात्र कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. म्हातारे प्रेक्षक त्यावरून अजून हमरीतुमरीवर यायचे.

बाईने पिशवीतून एक जाडजूड फाइल काढली. पन्नास वर्षांची कात्रणं होती, क्लबच्या एकूण एक सामन्याचे निकाल. हरलेल्या सामन्यांचेसुद्धा.

"एवढा जीव तर आमच्या अध्यक्षांचाही नाही," पुरावेसाहेब पुटपुटले. "मग मैदानावर कधी दिसले कसे नाहीत?"

"त्या दिवसानंतर पाऊलच ठेवलं नाही. त्या संध्याकाळी म्हणे अख्खं मैदान नाचत होतं आणि बाबा एकटेच चालत घरी आले."

ती गेली आणि त्यांनी जुनी वही काढली.

ती त्यांच्या आधीच्या मास्तरांच्या हातची होती. मास्तर भलते कडक. दुसऱ्या संघातल्या माणसाचं नाव वहीत चढवायचं नाही, हा त्यांचा दंडक. समोरच्या संघाला ते नुसतं 'ते' म्हणायचे. वही आपली, तर माणसंही आपलीच हवीत, असं त्यांचं म्हणणं. पुरावेसाहेबांनीही तो नियम इमानेइतबारे पाळला होता.

पान सापडलं. 'मिनिट ८८. डावीकडून कॉर्नर. हेडर. गोल.' आणि गोल करणाऱ्याच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. मास्तरांची नजर तशी अधूच, अशा रेघा अधूनमधून दिसायच्या. खाली खेळाडूंची यादी होती. दहा नावं स्वच्छ. अकरावं कसरीने खाल्लेलं.

दुसऱ्या दिवशी बाई आली, तेव्हा त्यांनी विचारलं, "बाबा आणखी काही सांगतात का? बारीकसारीक?"

"कॉर्नर डावीकडून आला होता. आणि हो, आधी जाळी फाटली म्हणून खेळ थांबला होता म्हणे. दोनेक मिनिटं."

पुरावेसाहेबांनी वहीचं ते पान पुन्हा उघडलं. समासात मास्तरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'जाळी फाटल्याने खेळ दोन मिनिटे थांबला.' हे कुठल्याही वर्तमानपत्रात आलं नव्हतं. माणूस मैदानात होता, यात तिळमात्र शंका उरली नाही.

रात्रभर त्यांना झोप लागली नाही. वहीत खाडाखोड चालत नसे, लिहिलं ते कायमचं. पण एक म्हातारा डोळे लावून बसला होता. गुरुवारी सकाळी त्यांनी पेन उचललं आणि त्या आडव्या रेघेवर त्याचं पूर्ण नाव लिहून टाकलं. मनाला फार बरं वाटलं.

मग आयुष्यात पहिल्यांदा वही काखेत मारून ते क्लबबाहेर पडले.

म्हातारा खिडकीपाशी उशांना टेकून बसला होता. त्याने नावावरून तीन वेळा बोट फिरवलं. डोळे भरून आले.

"लिहिलंत की हो! मला वाटलं होतं, तुम्ही कशाला लिहाल."

"न लिहून कसं चालेल, काका? तुमच्यामुळे क्लब उभा आहे."

"म्हणूनच रोज बघत आलो, तुमचा क्लब कसा चाललाय. तोही बुडाला असता तर सगळंच फुकट गेलं असतं." म्हातारा रडता रडता हसला. लेकीने त्याचा हात घट्ट धरला. इतक्या वर्षांत बाबांना असं हसताना तिने पाहिलं नव्हतं.

पुरावेसाहेबांनी पेनचं टोपण काढलं. "आता एकच राहिलं, काका. यादीतलं अकरावं नाव भरायचंय. तुम्ही कुठल्या जागी खेळलात?"

"बचावात. मधोमध."

"वा! म्हणजे कॉर्नरला खास पुढे गेला होतात?"

"पुढे कशाला जाऊ? कॉर्नर तुमच्या संघाचा होता," म्हातारा म्हणाला. "मी आमच्याच गोलसमोर उभा होतो. मागून आमचा गोलकीपर बोंबलत होता, 'सोड, माझा आहे!' आणि मी सोडला नाही."