धापूची थापी

छीतरचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि पाहुण्यांची गाडी जयपूरहून अकराला यायची होती.

रमा अंगणात उभी राहून त्या पांढऱ्या हाताकडे बघत राहिली. काल संध्याकाळी बस्सीच्या बाजारातून येताना सायकल घसरली, एवढंच छीतरने सांगितलं, तेही काही गुन्हा केल्यासारखं. मग म्हणाला, डाव्या हाताने प्रयत्न करून बघतो. चाकापाशी बसलाही. मातीचा पहिलाच गोळा एका बाजूला कलंडला आणि तो उठून खाटेवर जाऊन बसला.

नवऱ्याची, जयंतची, विमा कंपनीतून बदली झाली म्हणून रमा सांगलीहून जयपूरला आली, त्याला तीन वर्षं झाली होती. वैशाली नगरातल्या एका लहानशा संस्थेत ती काम करायची. किल्ले-महाल बघायला येणाऱ्यांपैकी काहींना आडवळणाच्या गावांतल्या कारागिरांकडे न्यायचं, गावातल्या माणसाला गाव न सोडता काम मिळवून द्यायचं, हे त्या संस्थेचं काम. गट लहान, जेवण घरचं आणि खोटं काही दाखवायचं नाही, असा नियम. वर्षभर खेटे घालून रमाने एका ट्रॅव्हल कंपनीला हे कुंभाराचं घर पटवलं होतं. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीतला हा पहिला गट.

तिने गटाबरोबरच्या गाइडला, प्रकाशला, फोन लावला. तो मुळीच चिडला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. हायवेवर एक बनवलेलं खेडं होतं. उंट, कठपुतळ्या आणि दिवसभर चाकावर बसलेला एक कुंभार, सगळं तिथे तयारच असे. प्रकाश म्हणाला, आज तिकडे नेतो, मॅडम, चाकच फिरणार नाही तर लोक बघणार काय? आज गाडी तिकडे वळली की पुढची प्रत्येक गाडी तिकडेच वळेल, हे रमाला कळत होतं. दहा मिनिटं द्या, एवढंच तिला बोलता आलं.

फोन ठेवून ती वळली तर मागे धापू उभी होती. छीतरची बायको. वर्षभर रमा या घरी येत होती. इतक्या दिवसांत धापू म्हणजे चहा, बाजरीच्या भाकऱ्या आणि हनुवटीपर्यंत ओढलेला घुंघट, एवढीच तिची ओळख.

"दीदी, हात त्यांचा मोडलाय," धापू म्हणाली. "माझे दोन्ही शाबूत आहेत."

इकडे बायका चाकावर बसत नाहीत ना, असं रमाने जरा चाचरतच विचारलं. धापूने तिला घराच्या मागे नेलं आणि ओलं गोणपाट बाजूला केलं. खाली दहा-बारा कच्ची भांडी होती. परवाच छीतरने चाकावरून उतरवलेली. तोंडं गोल, रेखीव. पण अंग जाडजूड, आखूड, आणि तळाला भोक.

"यात पाणी राहील?" धापूने विचारलं.

रमाने एक भांडं उचलून तळातून आरपार बघितलं. पाहुण्यांसाठीचं माहितीपत्रक तिने स्वतः लिहिलं होतं. त्यात चाक होतं आणि भट्टी होती. मधे काय होतं, ते तिने कधी विचारलंच नव्हतं. तिने प्रकाशला पुन्हा फोन लावला आणि गाडी इकडेच आणा म्हणून सांगितलं.

पाहुणे सहा जण होते, हॉलंडचे. धापू जमिनीवर बसली. डाव्या हातात गोल दगड घेऊन तो भांड्याच्या आतून लावला, उजव्या हातात लाकडाची थापी घेतली आणि बाहेरून थापटायला लागली. भांडं मांडीवर फिरत होतं. हळूहळू त्याचं अंग पातळ झालं, पोट फुगलं, तळाचं भोक आक्रसत आक्रसत मिटलं. आधी सगळ्यांनी कॅमेरे वर धरले होते. मग एकेक करून ते खाली आले.

त्यांच्यातली एक पांढऱ्या केसांची बाई धापूसमोर मांडी घालून बसली आणि तिने हात पुढे केला. धापूने थापी दिली. तिसऱ्याच फटक्याला मडक्याला भगदाड पडलं. रमा घाईने पुढे झाली. घुंघटाआडून हसू ऐकू आलं, आणि धापूने चिमूटभर माती घेऊन भगदाड बुजवलं. मग म्हातारीच्या हातावर आपला हात ठेवून ती पुन्हा थापटायला लागली. कोणी भाषांतर केलं नाही. करायची गरजही पडली नाही.

अर्ध्या तासाचा कार्यक्रम दीड वाजेपर्यंत चालला. भाकऱ्या निवून गेल्या. प्रकाश हळूच रमाजवळ येऊन म्हणाला, गुरुवारी आठ जण आणतो, छीतरचा हात बरा झाला तरी बाईंचं हे काम राहू द्या.

निघताना त्या म्हातारीने प्रकाशकरवी छीतरला विचारलं, तुम्ही किती वर्षं मडकी करता? प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून तो इतका वेळ खाटेवरून बायकोकडेच बघत होता.

"चाकावर मी सतरा वर्षं बसतोय," तो म्हणाला. "मडकी हीच करते."

प्रकाशने ते सांगितलं तशी सगळी तोंडं धापूकडे वळली. तिने घुंघट आणखी वीतभर खाली ओढला आणि केव्हाच पुरं झालेलं मडकं ती थापटत राहिली.