पाद्रीबुवांचा क्लोज-अप

सकाळच्या दृश्यात पाद्र्याचा चष्मा नाकाच्या शेंड्याकडे घसरलेला होता. आता तो वर चढला होता.

“लिअँडर, चष्मा खाली,” थेल्मा म्हणाली.

त्याने तो खाली सरकवला. एकाच प्रसंगाच्या सकाळच्या आणि दुपारच्या तुकड्यांत तसूभरही फरक पडू नये, हे बघणं थेल्माचं स्टुडिओतलं काम. टाय, मेणबत्ती, शब्द... तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

लिअँडर फिच हा पडद्यावरचा कायमचा पाद्री. त्याने नायक-नायिकेचं लग्न लावायचं, की चित्रपट संपला. त्याचा चेहरा देशभर ठाऊक होता. नाव कुणालाच नाही. हॉलिवुडच्या बाजारात संत्री घेताना बायका त्याला आपली पापं सांगत. तो ऐकूनही घेई. स्वतः मात्र बिनलग्नाचा. त्याने थेल्माला एकदा लग्नाचं विचारलं होतं. “बघून सांगते,” ती म्हणाली होती. तेव्हा चित्रपट मुके होते. पुढे ते बोलू लागले, गाऊ लागले. थेल्माने अजून सांगितलं नव्हतं. कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय तिला पटत नसे, आणि दुसऱ्यांदा विचारायचा त्याला धीर होत नसे.

स्टुडिओने यंदा त्याचा करार वाढवला नव्हता. उद्या तो कॅन्ससला निघणार होता, बहिणीच्या कोंबड्या सांभाळायला.

नायक-नायिका आपलं काम आटोपून घरी गेले होते. लहान नटांचे क्लोज-अप नेहमी असेच शेवटी उरत. वधू-वरांच्या जागी दिव्याचा खांब. त्यावरच्या खडूच्या फुलीकडे बघत लिअँडर बोलणार, आणि खांबाशेजारी उभी राहून थेल्मा दोघांची उत्तरं वाचणार.

“थेल्मा, आज तरी त्या पाद्र्याला काय ते सांगून टाक!” दिवेवाला गस वरून ओरडला. “वाट बघत खांबासारखा उभा राहून वाकला गं बिचारा!”

सगळे हसले. थेल्माने संहितेतून मान वर केली नाही.

कॅमेरा सुरू झाला. लिअँडरने पुस्तक उघडलं.

“थेल्मा, या पुरुषाचा पती म्हणून तू स्वीकार करतेस का?”

नायिकेचं नाव ॲबिगेल होतं. इतक्या वर्षांत लिअँडर फिच कधी एक शब्द चुकला नव्हता. आपण काय बोललो ते त्याच्या कानांना आधी कळलं. ते लालबुंद झाले. गसचं हसू वरच्या वर राहिलं. चूक झाली की हात वर करायचा तो थेल्माने. तिचा हात खालीच होता.

“थेल्मा, झोपलीस का?” दिग्दर्शक रँडल खेकसला. “नाव चुकलं की त्याचं!”

“नाही चुकलं. तपासलंय मी,” ती म्हणाली. संहिता मिटून ती खांबाच्या पुढे आली, थेट खडूच्या फुलीसमोर.

“लिअँडर, आता चष्मा वर घे आणि इकडे बघ. हो. करते.”