अकरा पोटांची भाजी

सासऱ्यांची साखर वाढली आणि घरात पॅलिओ जेवण आलं. भाकरी, भात, डाळ, दूध बंद; फक्त मांस, मासे, भाज्या. त्यांना सोबत म्हणून अकराही जणांनी तेच खायचं ठरलं. मटण रोज परवडेना. थोरली सून हेमांगी बाजार उठताना स्वस्त बांगडे आणायची, आणि भाकरीविना पोटं भरावीत म्हणून ढीगभर सुरण चिरायची.

तीन महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला. "आता जन्मभर हेच," सासरे खुशीत म्हणाले.

हेमांगी विळीपाशी बसली. "अण्णा, माझ्याने आता चिरवत नाही," ती म्हणाली. सुरणाच्या खाजेने तिचे हात सुजले होते.

मग अण्णांनी विळी पुढ्यात ओढली. जावेने कोकम आणून हेमांगीच्या हातांना चोळलं. अण्णांच्या फोडी ओबडधोबड पडत होत्या. भिंतीला टेकल्या टेकल्या हेमांगीचा डोळा लागला.